मीटर खोटं बोलत नाही

मीटरवाल्यांच्या नोकरीतला अर्धा वेळ गुडघ्यांवर जायचा आणि अर्धा वादात. ते पाणीखात्यात होते. घराच्या पायरीशी लोखंडी झाकण असतं, ते उचलायचं, आतली जळमटं बाजूला सारायची, फडक्याने काच पुसायची आणि आकडा टिपून घ्यायचा, हे त्यांचं काम. एवढं होईतो घरमालक दारात येऊन उभा असायचा.

"अहो, हे मीटर बिघडलंय. आम्ही दोघंच तर राहतो. इतकं पाणी काय पितो की काय?"

"मीटर खोटं बोलत नाही," मीटरवाले पॅंट झटकत उठायचे. "नळ कुठे गळतोय ते बघा."

हे वाक्य त्यांनी इतक्या दारांत म्हटलं होतं की गल्लीतली पोरं त्यांना लांबून पाहिलं तरी "नळ बघा, नळ!" असं ओरडायची. मीटरवाल्यांना त्याचा राग येत नसे. उलट आपण प्रसिद्ध आहोत असंच त्यांना वाटे.

पण त्यांची खरी ऐट रविवारी असायची. रविवारी ते नगरपालिकेच्या बँडमध्ये मोठा ड्रम वाजवायचे. पितळी बटणांचा कोट अंगात चढवताना बायकोला दोन बाजूंनी ओढावं लागे, पण एकदा चढला की मग मीटरवाले मीटरवाले राहत नसत. ड्रम त्यांच्या पोटावर असा बसायचा, की दोघांचं माप एकाच शिंप्याने घेतलंय असं वाटावं. आठवडाभर तो बेडरूमच्या दारामागे असायचा आणि बायको त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायची. यावरून घरात जेवढी भांडणं झाली तेवढी पगारावरूनही झाली नसतील.

ड्रम त्यांना एका जुन्या वस्तादाने शिकवला होता. तो आता हयात नव्हता, पण त्याचं एक वाक्य मीटरवाल्यांनी जिवापाड जपलं होतं. वस्ताद म्हणायचा, "बँडमास्तरच्या काठीकडे बघू नकोस, कोणाच्या पायांकडे बघू नकोस. छातीतला ठोका ऐक आणि हात टाक. छाती ताल सोडत नाही." तेव्हा मीटरवाले ऐन तारुण्यात होते. ड्रम गळ्यात घालून चालायला लागले की छातीतला ठोका आणि बँडची चाल अगदी एक व्हायची. बागेतल्या सपाट रस्त्यावर अजूनही व्हायची. बागेत बँड वाजला की बाकांवरची म्हातारी माणसंसुद्धा पाय हलवायची.

घोडं अडायचं ते चढावर. खालच्या चौकातून वरच्या मैदानाकडे एक लांब चढ जातो. गावात जे काही नवं बांधायचं ते नगरपालिका वरच बांधते, आणि त्याच्या उद्घाटनाला बँड खालून वाजत जातो. दोन वर्षांपूर्वी पोहण्याचा तलाव झाला, तेव्हा बँडने चढावर असा काही वेग घेतला की बासरीवाल्याचा बूट मागे राहिला, क्लॅरिनेटवाल्याला वाजवावं की श्वास घ्यावा ते ठरवता येईना, आणि पुढे चालणारे प्रमुख पाहुणे मागे पडले. फीत कापायला पाहुणे पोचले तेव्हा बँड वाजवून वाजवून गप्प झाला होता आणि तलावाच्या कठड्यावर बसून पाणी पीत होता.

"पळवला कोणी?" बँडमास्तरांनी विचारलं. ते दिवसा शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे चूक कोणाची हे कळल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे.

"ट्रम्पेटने," मीटरवाले ठामपणे म्हणाले.

"ड्रमने," ट्रम्पेट त्याहून ठामपणे म्हणाला.

ट्रम्पेट वाजवायचे ते चष्मेवाले. त्यांचं चौकात चष्म्यांचं दुकान होतं, आणि ते मीटरवाल्यांचे साडू होते. साडू हे नातं मोठं मजेशीर. एकाच सासऱ्याने दोघांना पसंत केलेलं असतं, आणि सासऱ्याची एक पसंती चुकली याबद्दल दोघांचंही एकमत असतं. मीटरवाल्यांनी त्या दिवशी जीव तोडून बाजू मांडली. ट्रम्पेटवाल्याला आपला एकट्याचा तुकडा वाजवायची घाई असते, म्हणून तो सगळ्यांना ओढत नेतो, असं त्यांचं म्हणणं. त्या चालीत शेवटी सगळा बँड थांबतो, ट्रम्पेट एकटा वाजतो, त्याचा शेवटचा सूर संपला की ट्रँगलची, म्हणजे छोट्या लोखंडी त्रिकोणाची, एकच टिंग, आणि मग पुन्हा सगळे. तो तुकडा म्हणजे चष्मेवाल्यांचा जीव की प्राण.

मीटरवाले बँडमध्ये सगळ्यात जुने. मास्तरांनी त्यांचा शब्द मानला. तुकडा क्लॅरिनेटकडे गेला आणि चष्मेवाले शेवटच्या रांगेत. त्या दिवसापासून साडू-साडूंचं बोलणं बंद झालं. बहिणी-बहिणी मात्र रोज भेटत राहिल्या, कारण नवऱ्यांच्या भांडणापायी आपला चहा बंद करण्याइतक्या त्या खुळ्या नव्हत्या.

पुढच्या वर्षी वर नवं टपाल कार्यालय झालं. बँड पुन्हा पळाला.

"आता तर ट्रम्पेट मागे होता," मास्तर म्हणाले.

"पूर्वी पुढून ओढायचा," मीटरवाले म्हणाले. "आता मागून ढकलतो."

मास्तरांनी काठी उचलून सरावाच्या खोलीतल्या एका खिळ्याकडे दाखवली. खिळ्याला ट्रँगल टांगलेला होता. तो वाजवणारे आजोबा लेकीकडे राहायला गेल्यापासून तो तिथेच होता. "कोणी ओढो नाही तर ढकलो. पाय ड्रमचं ऐकतात. पुढच्या उन्हाळ्यात वाचनालयाचं उद्घाटन आहे. चढावर बँड पळाला, तर ड्रम दुसऱ्याच्या गळ्यात जाईल आणि तुमच्या हातात तो."

मीटरवाल्यांनी ट्रँगलकडे पाहिलं. एवढासा तो. खिशात मावला असता.

घरी येईपर्यंत त्यांनी उपाय शोधला होता. आपण इतकं दणकट व्हायचं, की त्या चष्मेवाल्याने ओढलं काय आणि ढकललं काय, आपण हलायचंच नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ते पाण्याच्या टाकीवर हजर. टाकीच्या जिन्याची किल्ली त्यांच्याकडेच असायची. पाठीवर जुन्या, निकामी पितळी मीटरांची पिशवी बांधून ते तो गोल जिना धावत चढायचे आणि धावत उतरायचे, डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत. काजवे लवकर चमकले तर दिवस चांगला गेला असं समजायचे.

अति तिथे माती. महिनाभरात मीटरवाले चहाचा कप हातात धरून झोपायला लागले. एका घरी तर मीटर वाचायला वाकले आणि तिथेच डुलकी लागली. घरातल्या बाईंनी हलवून उठवलं तेव्हा डोळे न उघडताच म्हणाले, "नळ बघा." सरावात हात दगडासारखा जड पडू लागला आणि चाल आधीपेक्षा जास्त पळू लागली. "बघा, बघा कसा ढकलतोय," ते शेजारच्याला म्हणत. नाचता येईना अंगण वाकडं, हे शेजारच्याच्या ओठांवर आलं होतं, पण ड्रमची काठी फार जवळ होती.

त्यांची सून दवाखान्यात नोकरीला होती. आजारातून उठलेल्यांना व्यायाम शिकवायची. सासऱ्यांचे डोळे खोल गेलेले पाहून तिने एक घड्याळ आणून त्यांच्या मनगटावर बांधलं. "बाबा, यात हृदयाचे ठोके दिसतात. मिनिटाला किती पडतात ते. उद्या सकाळी हे घालून जा, मग आपण—"

पुढचं ऐकायला मीटरवाले थांबले नाहीत. आकडा कसा वाचायचा हे कोणी त्यांना शिकवायचं म्हणजे अतिच झालं.

दुसऱ्या दिवशी ते घामाने निथळत आले ते मनगट उंच धरूनच. "एकशे बासष्ट!"

बायको भाजी चिरत होती. "बरं मग?"

"बरं काय? पहिल्याच दिवशी!" त्याच्या दुसऱ्या दिवशी एकशे अडुसष्ट झाले. नंतर एकशे एकाहत्तर. मीटरवाल्यांनी आयुष्यभर जी मीटरं वाचली त्यांचा आकडा फक्त चढायचा, उतरायचा नाही, आणि जितका जास्त चढेल तितका व्यवहार मोठा. चौकात, खात्यात, बेकरीत, जिथे जातील तिथे ते आकडा सांगू लागले. मुलाच्या परीक्षेचे गुणही त्यांनी कधी इतक्या कौतुकाने सांगितले नव्हते.

"वाढू दे, वाढू दे," बायको म्हणाली. "बिल कोण भरणार ते मात्र ठरवून ठेवा."

सुनेने आकडे ऐकले आणि कपाळाला हात लावला. "बाबा, हे तसलं मीटर नाही! आकडा जितका कमी राहून काम होईल तितकं हृदय तयार. तुम्ही रोज त्याला फरफटत नेताय. ते दमतंय, म्हणून तुम्ही दमताय."

"म्हणजे कमी पाण्यात जास्त भांडी?"

"बरोबर!"

"हेच मला इतकी वर्षं सांगतात," बायको म्हणाली, "आणि स्वतः टाकी उपसतात."

सुनेने घड्याळ असं लावून दिलं की आकडा एकशे वीसच्या वर गेला की ते मनगटावर गुरगुरेल. गुरगुरलं की चाल कमी करायची. जिना बंद, पिशवी बंद, रोज सकाळी नुसतं चालणं. "आणि एक खूण लक्षात ठेवा. चालताना पूर्ण वाक्य आरामात बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटलं, तर वेग जास्त झाला."

"बोलायचं कोणाशी?" मीटरवाल्यांनी विचारलं. तेव्हा बायकोने अगदी सहज सांगितलं, "काल धाकट्या बहिणीकडे गेले होते. तिचे यजमान तुमची चौकशी करत होते." घड्याळ गुरगुरलं. मीटरवाले खुर्चीवर बसलेले होते.

"माझ्याशी तर नकोच," बायको म्हणाली.

आता सुरू झाली खरी परीक्षा. काल-परवापर्यंत गल्लीतून वाऱ्यासारखा जाणारा माणूस आज पाय मोजत चालतोय म्हटल्यावर लोकांना काय वाटणार? बेकरीवाल्या बाई खुर्ची घेऊन बाहेर आल्या. औषधांच्या दुकानदाराने हळूच विचारलं, "रिपोर्ट आले का?" काठी टेकत चाललेल्या एका आजींनी त्यांना मागे टाकलं, वळून पाहिलं आणि धीर दिला, "होईल हो बरं, हळूहळू." मीटरवाल्यांच्या मस्तकात तिडीक गेली. घड्याळ गुरगुरलं. म्हणजे आता रागही हळू करायचा!

बोलायला कोणी नाही म्हणून ते एकटेच मोठ्याने मागच्या महिन्याचे मीटरचे आकडे म्हणत चालायला लागले. तेव्हा मात्र बेकरीवाल्या बाई खुर्ची ठेवून सरळ त्यांच्या घरी गेल्या.

हे प्रकरण हाताबाहेर जाणार हे पाहून दोघी बहिणींनी चहावर बसून एक बेत केला. एका सकाळी मीटरवाले बागेच्या फाटकाशी आले तर तिथे चष्मेवाले उभे. गळ्यात मफलर, नाकावर चष्मा, चेहरा दुकान बंद करताना असतो तसा.

"मला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," चष्मेवाले झाडाकडे बघत म्हणाले.

"मला सुनेने," मीटरवाले दुसऱ्या झाडाला म्हणाले. "बोलत चालायचं म्हणे."

"मला बोलायला काही अडचण नाही. ऐकणारा मिळत नाही, घरी."

दोघं चालू लागले. पहिला फेरा मुक्यानेच झाला. दुसऱ्या फेऱ्यात चष्मेवाल्यांनी विचारलं, "तुम्हाला खरंच वाटतं, त्या दिवशी चढावर मी—" आणि घड्याळ इतक्या जोरात गुरगुरलं की चष्मेवालेही दचकले. त्यांनी ते निरखून पाहिलं. मग म्हणाले, "हा विषय नको. तुमच्या हृदयाला सोसत नाही."

त्या दिवसापासून घड्याळ दोघांचं पंच झालं. मास्तर, ट्रम्पेट, तलाव, टपाल कार्यालय हे विषय निघाले की ते गुरगुरायचं आणि दोघंही मुकाट्याने सासऱ्यांकडे वळायचे. सासऱ्यांनी दोघांना कसं छळलं होतं, या विषयात दोघांचे ठोके अगदी छान राहायचे. चष्मेवाले बोलायचे फार. ट्रम्पेट वाजवून वाजवून त्यांची छाती भात्यासारखी झाली होती, वाक्य म्हणून तुटायचं नाही. मीटरवाल्यांना वाटलं होतं त्यापेक्षा माणूस बरा निघाला. चुकीच्या नंबरचा चष्मा घालून आयुष्यभर लोकांना नावं ठेवणाऱ्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी तर अशा सांगायचा की मीटरवाल्यांना हसून थांबावं लागे.

आणि घड्याळाचं म्हणणं हळूहळू पटायला लागलं. जेवणानंतरची झोप जेवणाच्या आधी येईनाशी झाली. जिथे पूर्वी घड्याळ गुरगुरायचं तिथे आता ते गप्प राहू लागलं. मग एक दिवस दोघं बाग सोडून चढाकडे वळले. पहिल्यांदा निम्म्यावरून परतले. काही आठवड्यांनी बोलत बोलत वर पोचले. मीटरवाल्यांनी वरून खालचा चौक पाहिला आणि त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटलं.

"मी अजून रोज वाजवतो तो तुकडा," चष्मेवाले एकदा चालता चालता म्हणाले. "दुकान बंद केल्यावर. भोंग्यात फडकं कोंबून. शेजारच्यांना त्रास नको." त्यात तक्रार नव्हती. चष्म्याच्या काचा कशाने पुसाव्यात ते सांगावं, तसं ते म्हणाले. मीटरवाल्यांनी मनगटाकडे पाहिलं. घड्याळ गुरगुरलं नाही.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. दोघं चौकातून निघाले होते. चष्मेवाले शीळ घालत होते, बँडचीच चाल. मीटरवाल्यांचा हात कोटाच्या खिशात होता आणि वस्तादाच्या शिकवणीप्रमाणे छातीतला ठोका ऐकत बोटं आपोआप मांडीवर पडत होती. सपाटीवर शीळ आणि बोटं अगदी जोडीने चालली होती. चढ लागला. शीळ होती तशीच राहिली, एका लयीत. बोटं मात्र थोडी पुढे निघाली. मीटरवाल्यांना वाटलं, साडू मागे पडला. त्यांनी पाहिलं, तर चष्मेवाले शेजारीच होते, पावलाला पाऊल लावून. मग त्यांनी मनगटावर पाहिलं. आकडा चढत होता. आकडा चढेल तशी बोटं पुढे जात होती, आणि शीळ तिथल्या तिथे होती.

मीटरवाले थांबले.

"काय झालं?"

"बुटात खडा गेलाय."

चष्मेवाल्यांनी त्यांचा दंड धरला. मीटरवाल्यांनी एका पायावर उभं राहून बूट झटकला. बुटातून काहीच पडलं नाही.

"गेला वाटतं," चष्मेवाले म्हणाले आणि पुन्हा शीळ घालू लागले.

त्या दिवशी मीटरवाले प्रत्येक मीटर दोनदा वाचत होते. तरुणपणी चढावरही छाती हलायची नाही, म्हणून वस्तादाचं खरं होतं. आता वय झालं, पोट आलं, गळ्यात ड्रमचं ओझं, छाती चढावर पळते, हात तिच्यामागे पळतो आणि सगळा बँड हाताच्या मागे. ना कोणी ओढलं होतं, ना कोणी ढकललं होतं. दोन वर्षं त्यांनी साडूच्या नावाने खडे फोडले होते आणि त्याच्या तोंडचा तुकडा काढून घेतला होता. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की एका घरी मालकाने "मीटर बिघडलंय हो" म्हटलं तर त्यांनी चक्क "असेल" म्हटलं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं. ती ड्रमवरचे कपडे उचलत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"इतकी वर्षं तुमच्या छातीवर डोकं ठेवून झोपले. जिना चढून आलात तरी आतलं हृदय बँड वाजवतं, हे मला कळायचं नाही?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, उशी बिघडलीय."



खरी पंचाईत पुढेच होती. वाचनालयाच्या आधी मास्तरांनी चढावर पूर्ण बँडचा सराव घेतला, ड्रमसकट. आणि बँड पळाला नाही. मीटरवाल्यांचं हृदय महिनोन् महिने रमतगमत चालून असं तयार झालं होतं की चढावरही ते जागचं फारसं हललं नाही, आणि हातही हलला नाही. वर पोचल्यावर कोणालाच धाप लागली नव्हती. बासरीवाल्याच्या दोन्ही पायांत बूट होते.

सरावाच्या खोलीत परतल्यावर मास्तर खूश होऊन म्हणाले, "उशिरा का होईना, गुण आला. ट्रम्पेटला मागे ठेवला, तुकडा काढून घेतला, बँडला शिस्त लागली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या रांगेत चष्मेवाल्यांनी चष्मा काढला आणि काचा पुसायला घेतल्या. त्या स्वच्छच होत्या.

मीटरवाल्यांच्या मनात आलं, झालं की. ड्रम राहिला. बँड पळत नाही. आता झाकण कशाला उघडायचं? दुखणं बरं झालं होतं. फक्त औषध भलत्याच माणसाच्या नावावर होतं, आणि ते त्यांच्या एकट्यालाच माहीत होतं. मनगटावर घड्याळ गुरगुरायला लागलं. त्यांनी त्यावर दुसरा हात ठेवला. ते थांबेना.

त्यांनी काठी उचलली आणि ड्रमवर एकच ठोका मारला. सगळ्यांच्या माना वळल्या.

"मास्तर, बँड मी पळवत होतो. माझी छाती पळायची, हात तिचं ऐकायचा. ट्रम्पेटने कधी ओढलं नाही. कधी ढकललं नाही. मी सांगितलं ते खोटं होतं. मला ते खरं वाटत होतं, पण होतं खोटंच. त्याचा तुकडा त्याला परत द्या."

मास्तरांनी सगळं खोदून खोदून विचारलं, घड्याळ पाहिलं, मनातल्या मनात काही मांडलं. मग त्यांनी काठी उचलून खिळ्याकडे दाखवली. "बँड पळवेल त्याच्या हातात ट्रँगल. ठरलं ते ठरलं. वाचनालयाला ड्रम बेकरीवाल्या बाईंकडे. बागेतल्या रविवारांचं पुढे बघू."

बेकरीवाल्या बाई तोवर झांजा वाजवायच्या. पीठ मळून मळून त्यांचे दंड कोणाही ड्रमवाल्याला लाजवतील असे होते. त्यांनी ड्रम गळ्यात घेतला तेव्हा मीटरवाल्यांनी दुसरीकडे पाहिलं. मग खिळ्यावरून ट्रँगल काढला. त्यांच्या हातात तो चहाच्या गाळणीएवढा दिसत होता. कोणी हसलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

चष्मेवाल्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, ट्रम्पेट पेटीत ठेवला आणि कोणाशी न बोलता निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते फाटकाशी आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. मीटरवाले एकटेच चालले. आकडा अगदी शहाण्यासारखा होता, पाय मात्र उचलत नव्हते.

"धाकटी काय म्हणते?" त्यांनी बायकोला आडून विचारलं.

"म्हणते, ते आता दुकानात फडकं काढून वाजवतात."

"माझ्याबद्दल?"

"तुमच्याबद्दल काहीच नाही. दोन वर्षांचं आहे ते, अहो. दोन दिवसांत कसं उतरेल?"

वाचनालयाच्या दिवशी बँड खालून निघाला. ड्रम शेवटच्या रांगेच्या मध्यावर दणदणत होता, पोळपाट आपटावा तसा सरळ. चष्मेवाले पुढच्या रांगेत होते, मीटरवाले कडेला. पहिल्यांदाच त्यांच्या पोटापुढे काही नव्हतं आणि स्वतःचे बूट त्यांना दिसत होते. चढ आला, चढ गेला, घड्याळ एकदाही गुरगुरलं नाही. पाहुणे पुढे होते ते पुढेच राहिले. मैदानावर पोचून बँड थांबला, चाल शेवटाला आली आणि सगळे गप्प झाले.

चष्मेवाल्यांनी ट्रम्पेट वर केला. तुकडा तसा लहानच आहे. पण दोन वर्षं फडक्याआड कोंडलेला होता, आणि आता त्याच्यापुढे सगळं मैदान मोकळं होतं. मुलांना खांद्यावर घेतलेले बाप तसेच उभे राहिले. मीटरवाले ट्रँगल धरून होते. ड्रमची हातोडीएवढी गोळ्याची काठी फिरवणारा त्यांचा हात त्या एवढ्याशा सळईला घाबरला होता. एकच टिंग. चुकली, आधी पडली, उशिरा पडली, तर पुन्हा साडूचाच तुकडा त्यांच्या हातून बिघडणार. छातीचं ऐकायचं नाही, हे कळत होतं. मग ऐकायचं कोणाचं? ट्रम्पेटचा शेवटचा सूर लांबला, बारीक झाला. आणि तो संपता संपता चष्मेवाल्यांनी मान वळवली, चष्म्यावरून साडूकडे पाहिलं आणि हनुवटी जराशी खाली केली. आत्ता.

टिंग.

बरोब्बर पडली.

पांगापांग होताना चष्मेवाले जवळ आले. पेटीची कडी लावत म्हणाले, "उद्या सकाळी. फाटकाशी."

"येतो," मीटरवाले म्हणाले.

"आणि पळत येऊ नका."

संध्याकाळी स्वयंपाकघरात सुनेने आपल्या फोनवर त्या दिवसाच्या ठोक्यांची सगळी रेघ काढली. "शाब्बास, बाबा! हा चढ बघा. किती सरळ रेघ!" मग तिचं बोट पुढे सरकलं आणि थांबलं. "पण हे काय? वर मैदानावर? इथे तर तुम्ही नुसते उभे होतात, आणि आकडा एकदम एवढा चढलाय. दिवसभरात सगळ्यात जास्त."

मीटरवाल्यांनी मान पुढे करून पाहिलं. मग त्यांनी घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने ते म्हटलं.

"मीटर बिघडलंय."

बायको कप पुसत होती. तिने वळून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि हातातलं कोरडं फडकं त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"मीटर खोटं बोलत नाही," ती म्हणाली. "नळ गळतोय. पुसा."